विजेच्या बिलाचा हिशेब

आज ज्या विषयावर आपणांशीं दोन शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो काव्याचा नाहीं, तत्त्वज्ञानाचा नाहीं, आणि राजकारणाचा तर मुळींच नाहीं. दर महिन्यास दाराच्या फटींतून आंत येणाऱ्या, किंवा हल्लीं खिशांतल्या दूरध्वनीवर उमटणाऱ्या, एका बिलाचा तो विषय आहे. दुधाचा हिशेब चुकला तर आपण गवळ्याला दारांत थांबवून विचारतों. वाण्याची बेरीज चुकली तर त्याचीच वही त्याच्यापुढें करतों. परंतु विजेचें बिल चुकलें कीं मोठमोठे शहाणे गृहस्थही एकाएकीं असहाय होतात. कांहीं जण कचेरीच्या खिडकीपाशीं जाऊन आरडाओरडा करतात. कांहीं निमूटपणें पैसे भरतात. आणि कांहीं जण घरांतल्याच कोणाला तरी गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. या तिसऱ्या वर्गांत मी स्वतः मोडत होतों, हें आरंभींच कबूल करतों.

मी वकील नाहीं, इंजिनियर नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून छत्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां मी जें सांगणार तें पुस्तकी पांडित्य नव्हे. स्वतःच्या चुकीची किंमत देऊन घेतलेला तो धडा आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. होळीच्या सुमारास वीजकंपनीनें आमच्या इमारतींतले जुने मीटर काढून नवे बसविले. जिन्याखालच्या फळीवर दहा बिऱ्हाडांचे दहा मीटर ओळीनें उभे राहिले. आमच्या घरीं आम्ही दोघें म्हातारीं माणसें, आणि बाहेरच्या खोलींत एक विद्यार्थी. त्याचे वडील माझे जुने विद्यार्थी. त्यांच्या शब्दाखातर मीं मुलाला खोली दिली होती. सरकारी नोकरीच्या परीक्षेचा तो अभ्यास करीत असे. आम्हां तिघांस महिन्याकाठीं नव्वदाच्या आसपास युनिटें लागत आणि बिल साडेसातशें रुपयांच्या आगेंमागें येई. एप्रिलचें बिल आलें तें ४१२ युनिटांचें, आणि रक्कम साडेपांच हजारांच्या घरांत!

"आधीं दिलेलें काय तें लिहा, मग काढावयाचें काय तें लिहा, आणि मगच गुणाकाराला हात घाला," हें वाक्य मीं वर्गांत किती हजार वेळां उच्चारलें असेल! त्या दिवशीं मात्र मीं कागद-पेन्सिल हातीं धरली नाहीं. माझी नजर थेट बाहेरच्या खोलीच्या दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या रेघेवर गेली. रात्रीचे दोन वाजले तरी तेथें दिवा जळत असे. "तुझ्या खोलींत विजेची शेगडी तर नाहीं ना?" असें मीं त्याला विचारलें. तो नाहीं म्हणाला. मीं "बरें" म्हटलें. पण माझा विश्वास बसलेला नाहीं हें त्याला कळेल अशा स्वरांत म्हटलें. दुसऱ्या दिवसापासून ती उजेडाची रेघ रात्रीं नऊ वाजतांच नाहींशी होऊं लागली. एप्रिलचे पैसे मीं चरफडत भरले. मे महिन्याचें बिल आलें तें ३९६ युनिटांचें. त्या दिवशीं मी त्या मुलास जें बोललों, तें या ध्वनिक्षेपकापुढें पुन्हां उच्चारण्याचें मला धैर्य नाहीं. आठवड्याच्या आंत त्यानें दुसरीकडे खोली पाहिली, महिन्याचें भाडें माझ्या पत्नीच्या हातीं दिलें, आणि तो निघून गेला.

जूनचें बिल आलें. ४०५ युनिटें! मुलगा गेला होता. आंकडा गेला नव्हता.

तेव्हां कोठें मीं कागद घेतला. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. मुलाच्या टेबलावरचा दिवा नऊ वॅटचा. तो रोज सहा तास याप्रमाणें तीस दिवस जळला, तर १६२० वॅट-तास, म्हणजे दीड युनिटाहून किंचित् अधिक. त्याचा टेबलपंखा पन्नास वॅटचा धरला आणि तो रोज दहा तास फिरला असें मानलें, तरी महिन्याचीं युनिटें पंधरा. दोन्ही मिळून सतरासुद्धां नाहींत! आणि एप्रिलच्या बिलांतला जास्तीचा भार ३२२ युनिटांचा. एवढी वीज शेगडीनें खाल्ली म्हणावी, तर दोन हजार वॅटची शेगडी रोज पांच तासांहून अधिक पेटती राहिली पाहिजे. एकटा विद्यार्थी पांच-पांच तास कोणाची पंगत उठवीत होता? चौथ्या इयत्तेच्या मुलानें पांच मिनिटांत केला असता असा हा हिशेब; आणि तो मीं दोन महिने उशिरां केला.

मेचें बिल मीं रागानें भरलेंच नव्हतें. त्यामुळें जूनच्या बिलाबरोबर वीज तोडण्याची नोटीसही आली. पत्नीस दम्याचा विकार; रात्रीं-अपरात्रीं औषधाची वाफ देणारें यंत्र विजेवर चालतें. मी चिंतेंत बसलों असतां तीच म्हणाली, "अहो, एवढे हिशेब मांडतां, पण त्या दहांतला आपला मीटर कोणता, तें तरी एकदां पाहिलेंत का?"

बिल घेऊन मी जिन्याखालीं गेलों. प्रत्येक मीटरवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि तोच क्रमांक बिलावर छापलेला असतो. बिलावरच्या क्रमांकाचा मीटर फळीवर सांपडला. त्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता. पत्नीस वर मुख्य स्विच बंद करावयास सांगितलें. घरांत काळोख झाला. पाहतों तों बिलावरच्या क्रमांकाचा मीटर पूर्वींसारखाच लुकलुकतो आहे, आणि त्याच्या शेजारचा मीटर मात्र निपचित पडला आहे! तो शेजारचा मीटर आमचा होता. आम्ही तीन महिने वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या वातानुकूलनाचे पैसे देत होतों, आणि तें बिऱ्हाड आमच्या दोन पंख्यांचे. मीटर बदलतांना दोन क्रमांकांची नोंदवहींत अदलाबदल झाली होती. मीटर निर्दोष होते, वाचन निर्दोष होतें, गुणाकारही निर्दोष होता. फक्त नांव चुकलें होतें. आणि मीही दुसरें काय केलें होतें? दोष एकाचा आणि नांव दुसऱ्याचें!

श्रोतेहो, आतां या गोष्टींतून निघणारा उपयोगाचा भाग सांगतों. बिलाविषयीं शंका आली म्हणजे चार ठिकाणें क्रमानें तपासावीं. पहिलें ठिकाण मीटरच्या क्रमांकाचें; तें मीं सांगितलेंच. दुसरें वाचनाचें. बिलावर मागील वाचन आणि चालू वाचन असे दोन आंकडे असतात. चालू वाचन मीटरवरच्या आंकड्यापेक्षां मोठें असेल, तर चूक तेथेंच पकडली गेली. कारण मीटर मागें फिरत नाहीं. वाचन न घेतां सरासरीनें बिल काढलें असेल, तर तसा उल्लेख बिलावर असतो, तोही शोधावा.

तिसरें ठिकाण मीटरच्या चालीचें. सर्व दिवे-पंखे बंद करून, परंतु मुख्य स्विच चालू ठेवून, मीटरकडे पाहावें. तरीही तांबडा दिवा लुकलुकत राहिला, तर तारांतून कोठें तरी वीज झिरपते आहे, किंवा आपल्या तारेवर दुसऱ्याचें ओझें आहे. अशा वेळीं परवानाधारक तारतंत्र्याला बोलवावें; स्वतः तारांना हात लावूं नये. चाल मोजण्याची रीतही सोपी आहे. मीटरवर एका युनिटास किती लुकलुक होतात तें छापलेलें असतें. आमच्या मीटरवर ३२०० हा आंकडा आहे. शंभर वॅटचा जुन्या तऱ्हेचा एकच दिवा पाव तास लावला, तर युनिटाचा चाळिसावा भाग खर्च होतो, म्हणजे ऐंशी लुकलुक झाल्या पाहिजेत. दिव्याचे वॅटही कांटेकोर नसतात. म्हणून पांच-सातांचा फरक सोडून द्यावा. परंतु ऐंशींच्या जागीं सव्वाशें भरल्या, तर मीटर तपासून घेण्याची मागणी लेखी करण्यास आपण मोकळे आहांत.

चौथें ठिकाण दराच्या टप्प्यांचें, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. महाराष्ट्रांत पहिल्या शंभर युनिटांना कमी, पुढील दोनशांना अधिक, आणि त्यापुढें आणखी अधिक, असा तो चढत जातो. केवळ समजुतीसाठीं, पहिल्या शंभरांना पांच रुपये आणि पुढच्यांना दहा रुपये दर आहे असें धरूं. दोन महिने शंभर-शंभर युनिटें जाळणाऱ्यास पांचशें अधिक पांचशें, मिळून हजार रुपये पडतात. परंतु पहिल्या महिन्यांत वाचनच झालें नाहीं आणि दोनशें युनिटें दुसऱ्या महिन्याच्या माथीं मारलीं, तर पांचशें अधिक हजार, म्हणजे दीड हजार होतात. वीज तेवढीच, आणि भुर्दंड पांचशांचा! म्हणून साठलेल्या युनिटांची वांटणी महिनेवार करून टप्प्यांचा लाभ दिला आहे कीं नाहीं, हें पाहावें. २०२० सालीं टाळेबंदीमुळें महाराष्ट्रांत मार्चअखेरपासून मीटरवाचन थांबलें, आणि सरासरीचीं बिलें निघालीं. हिंवाळ्याची सरासरी उन्हाळ्यास लागली. लोक दिवसभर घरीं बसलेले. जूनमध्यें वाचन सुरू झाल्यावर साठलेला फरक एकदम अंगावर आला, आणि घरोघर हाहाकार झाला. त्या वेळीं ज्यांच्यापाशीं स्वतःच्या वाचनाची नोंद होती, त्यांना आपला हिशेब स्वतः ताडून पाहतां आला. बाकीच्यांस केवळ संतापतां आलें.

चूक सांपडली, आतां पुढें काय? पुढें पत्र. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ. मी प्रथम कचेरींत गेलों तेव्हां खिडकीमागचा तरुण म्हणाला, "आजोबा, आधीं पैसे भरा, मग बोला." त्याचा तो उद्धटपणा नव्हता, त्याला तसें सांगावयास शिकविलें होतें. परंतु कायदा तसें म्हणत नाहीं. १९१० च्या भारतीय वीज कायद्यांतही मीटर बरोबर कीं चूक हा वाद सरकारी विद्युत् निरीक्षकापुढें नेण्याची सोय होती. २००३ च्या वीज कायद्यानें ग्राहकाचा हात आणखी बळकट केला. त्याच्या छप्पन्नाव्या कलमाप्रमाणें पैसे थकले तरी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्यावांचून वीज तोडतां येत नाहीं. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या बिलांच्या सरासरीनें दरमहा येणारी रक्कम, यांपैकीं जी कमी असेल ती निषेधपूर्वक भरली असतां वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडतां येत नाहीं. हें कलम मीं वाचनालयांत बसून स्वतःच्या हातानें उतरवून घेतलें.

नंतर मीं एक पानभर अर्ज लिहिला. त्यांत विशेषण एकही घातलें नाहीं. ग्राहक क्रमांक, बिलावरील मीटरचा क्रमांक, आमच्या प्रत्यक्ष मीटरचा क्रमांक, मीटर बदलल्याचा दिवस, मागील वर्षाचीं युनिटें, मुख्य स्विच बंद करून पाहिलेला प्रकार, आणि शेवटीं तीनच मागण्या: माझ्या समक्ष तपासणी व्हावी, बिलें दुरुस्त व्हावीं, तोंवर सरासरीची रक्कम निषेधपूर्वक स्वीकारावी. सोबत दोन्ही मीटरांचीं छायाचित्रें जोडलीं, आणि दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. श्रोतेहो, हा आवक क्रमांक क्षुल्लक समजूं नका. वाद पुढें चढत गेला तर त्याचा आरंभ केव्हां झाला, हें सांगणारा तो एकच साक्षीदार असतो.

वाद पुढें चढतो म्हणजे कोठें जातो, तेंही सांगतों. कंपनीच्या कचेरींत दाद लागली नाहीं, तर वरील कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाखालीं स्थापिलेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याचाही निर्णय पटला नाहीं, तर विद्युत् लोकपाल आहेत. महाराष्ट्रांत त्यांच्या कचेऱ्या मुंबईस व नागपुरास आहेत. मुदती ठरलेल्या असतात, म्हणून उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसूं नये. मात्र वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा आरोप असेल, तर मार्ग निराळा असतो, आणि तेथें जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा.

मला इतकें वर चढावें लागलें नाहीं. नवव्या दिवशीं एक अभियंता आले. त्यांनीं आमचा स्विच बंद केला, वरच्यांचा बंद केला, दोन्ही मीटर पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, चूक आमची आहे." पंचनामा झाला, त्यावर आमच्या सह्या झाल्या. पुढें दोन महिन्यांनीं जास्त घेतलेली रक्कम आमच्या बिलांत जमा होऊन आली. हा काळ थोडा नव्हे. पण मधल्या काळांत दिवा एकदांही विझला नाहीं.

आमचें ओझें उतरलें तें अर्थात् वरच्या बिऱ्हाडावर चढलें. तीन महिन्यांचा फरक पाहून तेथील गृहस्थ माझ्यावरच रागावले. त्यांची वीज त्यांनींच वापरली होती, हें खरें. परंतु लहान बिलें आलीं हा कांहीं त्यांचा अपराध नव्हता. मीं त्यांच्यासाठींही अर्ज लिहिला: फरकाची वांटणी महिनेवार करून टप्प्यांचा लाभ द्यावा, व्याज लावूं नये, आणि हप्ते बांधून द्यावे. तसें झालेंही. येथें आणखी एक नियम ध्यानांत ठेवावा. छप्पन्नाव्या कलमाचाच दुसरा भाग असा आहे कीं, रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करतां येत नाहीं. ती बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखविली असेल तर गोष्ट वेगळी. तथापि २०२० च्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें आहे कीं, मागाहून उघडकीस आलेल्या चुकीबद्दल कंपनीस दोन वर्षांनंतरही मागणी करतां येईल. मात्र तेवढ्यासाठीं वीज तोडण्याचा अधिकार तिला राहत नाहीं. तेव्हां अकस्मात् लहान बिल येऊं लागलें, तरी तें दैवाची कृपा समजून गप्प बसूं नये. चूक आपल्या बाजूची असली तरी ती केव्हां तरी हिशेब मागावयास येतेच.

शेवटीं त्या मुलाविषयीं. दुरुस्त बिल खिशांत घालून मी त्याच्या नव्या खोलीवर गेलों. सर्व हकीकत सांगितली, आणि माझी चूक झाली असें स्पष्ट शब्दांत म्हटलें. तो कांहीं वेळ बिलाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, शेवटीं शेवटीं मी रात्रीं जिन्यांत बसून वाचीत होतों. तो दिवा सगळ्यांचा होता." ज्या जिन्याखालीं ते दोन मीटर लुकलुकत होते, त्याच जिन्याच्या पायऱ्यांवर तो बसत होता! मीं त्याला परत येण्याचा आग्रह केला. त्यानें चहा दिला, आदरानें बोलला, दारापर्यंत पोंचवावयासही आला. परंतु तो परत आला नाहीं. कंपनीनें माझे पैसे परत केले, कारण त्यांची पावती माझ्यापाशीं होती. मी बोललेल्या शब्दांची पावती कोणापाशींच नव्हती.

म्हणून श्रोतेहो, माझी एकच विनंती आहे. मीटरजवळ, नाहीं तर स्वयंपाकघराच्या खुंटीवर, दोऱ्यानें बांधलेली एक लहानशी वही टांगून ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेस मीटरचा आंकडा तींत लिहा. हल्लीं दूरूनच वाचन पाठविणारे मीटर बसूं लागले आहेत. तेव्हां ही वही नको, असें कोणी म्हणेल. परंतु वाचन माणसानें घेतलें काय कीं यंत्रानें घेतलें काय, तें कोणाच्या नांवावर पडलें हें पाहणारें माणूस घरांत असलेंच पाहिजे. आमच्या घरीं ही वही आतां आहे. तिच्या पहिल्या पानावर मीं मीटरचा क्रमांक लिहिला आहे, आणि त्याखालीं एक लहानसा गुणाकार: नऊ गुणिले सहा गुणिले तीस. पत्नीनें विचारलें, हा कशासाठीं? मीं म्हटलें, हा माझ्यासाठीं आहे.